शिंगरांसाठी सोडलेले नंबर

ड्रॉइंग सरांनी माझ्या छत्रीवर नंबर टाकला तेव्हा मला शाळेत रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. छत्री माझी स्वतःची, आईने नोकरी लागली म्हणून हौसेने घेऊन दिलेली. स्टाफरूमच्या कोपऱ्यात उघडून वाळत ठेवली होती. तास घेऊन परत आले तर कापडाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटने, अगदी सुबक अक्षरांत, शाळेचं नाव आणि त्याखाली नंबर.

"सर, ही माझी छत्री आहे," मी म्हटलं.

"हव. म्हणूनच तर टाकला." सरांनी ब्रश कानामागे खोचला. "ज्याच्यावर नंबर नाही ते उद्या दुसऱ्याचं होऊन जातं. आता कोणी उचलून तर दाखवो."

"पण आता ती शाळेची वाटते!"

"तर तुम्ही पण शाळेच्याच आहात ना मॅडम? झालं मग. फालतूमध्ये कशाला चिडता?"

मी चिडलेच होते. मी पटकन चिडते, हे आमच्या सुदामा नगरच्या गल्लीत आजही सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या माणसावर चिडून उपयोग नसे. ते समोरच्याचा राग शांतपणे ऐकून घेत, खिशातून जिरावण मसाल्याची पुडी काढत आणि "घ्या, पेरूवर टाकून खा" म्हणून अर्धा पेरू पुढे करत. इंदूरचा माणूस पोह्यांवर जिरावण घालतो, हे बरोबरच आहे. सर ते पेरूवर, टोस्टवर, वरणभातावर आणि एकदा तर माझ्या वाढदिवसाच्या केकवरसुद्धा घालून मोकळे झाले होते.

शाळा जुन्या शहरातली, सरकारी, मुलींची. मी तिथे फिजिक्स शिकवायला लागले ती ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. सर तिथे कधीपासून होते ते कोणालाच धड सांगता येत नसे. उंच, काटकुळी अंगकाठी, बंद गळ्याचा काळा कोट मे महिन्यातसुद्धा अंगावर, आणि बडा गणपतीपासून चालवत आणलेल्या सायकलच्या हँडलला लटकणारा पेंटचा डबा. ते चित्रकला शिकवत आणि शाळेच्या भांडाराचा चार्जही त्यांच्याकडेच होता. बाकाच्या खाली, पंख्याच्या पात्यावर, माठाच्या बुडाशी, झाडूच्या मुठीवर, जिथे बघावं तिथे त्यांचे नंबर. नंबर नेहमी अशा जागी, की चोराला तो काढता येऊ नये. "लेबल काय, नखाने निघतं," ते म्हणत. "नंबर आत पाहिजे."

हे वेड घराण्यातलं होतं. त्यांचे पणजोबा संस्थानाच्या पागेत होते आणि घोड्यांवर डाग देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. सर ही गोष्ट अशा थाटात सांगत, की जणू पणजोबांनी राज्यच चालवलं होतं. त्यातला एक बारकावा त्यांना फार प्रिय होता. पणजोबा घोड्यांना ओळीने नंबर देत नसत. मधले काही नंबर मोकळे सोडत, पुढे जन्माला येणाऱ्या शिंगरांसाठी. म्हणजे घोडीचं पिल्लू आईच्या नंबरच्या शेजारीच बसे. सरही शाळेत तसंच करत. बाकांचे नंबर मध्येच उड्या मारत. ऑडिटवाले दर वर्षी विचारत, "बीच के कहाँ गए?" आणि सर दर वर्षी उत्तर देत, "आएंगे, साब."

त्यांच्या वर्गात आणखी एक कायदा होता. खोडरबर चालत नसे. कोणी चोरून आणलं तर ते जप्त होई आणि त्यावर नंबर पडे. "चूक झाली? होऊ द्या. तिच्या बाजूला बरोबर रेघ मारा," असं ते मुलींना हिंदीत, मालवीत, जमेल तसं सांगत. मुलींच्या चित्रांत त्यामुळे एकेका गाईला सहा-सहा पाय असत, पण त्यातले चार फार सुंदर असत.

मग शाळेत कंप्यूटर आले. कुठल्याशा योजनेत मोजक्या शाळा निवडल्या गेल्या होत्या आणि नवल म्हणजे त्यात आमची मुलींची शाळा होती. मला ट्रेनिंगला भोपाळला पाठवलं. परत आले तोवर कोपऱ्यातली खोली ओळखू येत नव्हती. खाली गालिचा, खिडकीला एसी, मशिनांवर फुलाफुलांची कव्हरं, दाराबाहेर चपला काढायची पाटी आणि दाराला कुलूप. प्रिन्सिपल मॅडम भल्या बाई, पण त्या खोलीने त्यांची झोप उडवली होती. "देखिए, कुछ बिगड़ गया तो जवाब मुझे देना है," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत आणि चाबी पर्समध्ये टाकत.

आठवड्यातून एकदा मुलींना ओळीने आत नेलं जाई. मशिनांबरोबर तयार धड्यांच्या फ्लॉप्या आल्या होत्या, काळ्या चौकोनी पाकिटांसारख्या. ग्रहांचा धडा, हृदयाचा धडा, सगळे इंग्रजीत. मुली हिंदी माध्यमातल्या. एखादी बटण दाबे, चित्र बदले, बाकीच्या "हाऽऽ" करत आणि ओळ बाहेर पडे. मी मनातून खूश होते. आपण मुलींना कंप्यूटर शिकवतो आहोत असंच मला वाटत होतं.

सर एकदा दारात उभे राहून ते बघत होते. म्हणाले, "मॅडम, हा तर टीव्ही झाला. पोरी काय करून राहिल्या ह्यात?"

मला ते लागलं. मी म्हटलं, "सर, तुम्हाला ह्यातलं कळत नाही."

"ते तर नाहीच कळत," ते अगदी खुशीने म्हणाले.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भांडाराची तपासणी होती, आणि सरांनी त्यांचं काम चोख बजावलं. जुलैत खोली उघडली तर सगळ्या मशिनांच्या पाठीवर नंबर. ठीक. की-बोर्डच्या पोटावर नंबर. तेही ठीक. मी फ्लॉपी घालून मशीन लावलं तर आतून जात्यात खडा अडकल्यासारखा आवाज. दुसरी फ्लॉपी, तोच आवाज. तिसरी घालायच्या आधी नीट बघितली, तेव्हा कळलं. फ्लॉपीच्या पाकिटाला एक लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसते. सगळा मजकूर त्या चकतीवर असतो. सरांनी बरोबर त्या खिडकीतून, चकतीवर, बारीक ब्रशने नंबर टाकले होते. एकूण एक फ्लॉपीवर.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर खोलीत आले, चपला घालूनच, आणि गालिच्यावर बसले.

"लेबल तर निघतं," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, आत टाकू."

"सर, सगळं गेलं. एक धडा उरला नाही."

जिरावणाची पुडीसुद्धा निघाली नाही. मग त्यांनी समोरच्या चालू मशीनकडे बोट दाखवलं. पडद्यावर नुसती एक लहानशी खूण उघडझाप करत होती.

"ही तर चालू आहे. ही काय मागून राहिली?"

"काही नाही. तुम्ही काय सांगता त्याची वाट बघते आहे."

"मग सांगा ना."

मी रागारागातच टाइप केलं. आधी एक ओळ: अमुक जागी जा. मग दुसरी: तिथून तमुक जागेपर्यंत रेघ ओढ. जागा म्हणजे दोन आकडे, किती आडवं आणि किती उभं. पडद्यावर एक तिरपी रेघ उमटली. सर गुडघ्यांवर पुढे सरकले. पण त्यांचं लक्ष रेघेकडे नव्हतं.

"हे सुरुवातीला काय लिहिलं? दहा, वीस?"

"ओळीचा नंबर. प्रत्येक ओळीला द्यावा लागतो."

"प्रत्येक ओळीला नंबर!" त्यांचा चेहरा असा उजळला, की माझा राग अर्धा तिथेच उतरला. "आणि दहानंतर अकरा का नाही?"

"मध्ये काही घालायचं राहिलं तर जागा असावी म्हणून. नंतर पंधरा नंबरची ओळ लिहिली तरी मशीन ती बरोबर मध्ये नेऊन ठेवतं."

सर उठून उभे राहिले. "शिंगरांसाठी," ते म्हणाले. "मॅडम, हे तर आमच्या पणजोबांचं काम आहे!"

त्यानंतर भाद्रपदात शिक्षण विभागाचं पत्र आलं. ज्या शाळांत कंप्यूटर वापरात नाहीत, तिथून ते उचलून दुसरीकडे दिले जातील. साहेब स्वतः बघायला येणार. आमचे कंप्यूटर मुलांच्या मोठ्या शाळेत जायचे, हे जवळपास ठरल्यासारखंच होतं. प्रिन्सिपल मॅडमना तर सुटल्यासारखं वाटलं. "जाने दीजिए. हमारी लड़कियाँ वैसे भी क्या करेंगी," त्या म्हणाल्या. कोऱ्या फ्लॉप्यांची मागणी भोपाळला गेली होती आणि तिथेच राहिली होती.

मुलींना बातमी कळली. अकरावीतली रेखा, गिरणीत काम करणाऱ्याची मुलगी, वर्गात सरळ उभी राहून म्हणाली, "मैडम, एक बार भी हाथ नहीं लगाया और चली जाएगी?" ती मशिनं गेली तर पुन्हा ह्या मुलींपर्यंत काही येणार नव्हतं, हे तिला जेवढं कळलं होतं तेवढंच मलाही.

उत्तर सरांनी दिलं. त्यांनी प्रिन्सिपल मॅडमकडून चाबी मागून घेतली. कशी ते देव जाणे, पण मॅडम म्हणाल्या, की ते टेबलासमोर उभेच राहिले, हलेचनात. मग त्यांनी गालिचा गुंडाळून ठेवला, फुलाफुलांची कव्हरं भांडारात नेली आणि मुलींना बसवून विचारलं, "आजकल शाम को घर पर क्या बना रही हो?"

श्राद्धपक्ष चालू होता. माळव्यात त्या दिवसांत मुली रोज संध्याकाळी भिंतीवर संजा काढतात. गोबराने आकृती काढायची, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या लावायच्या, गाणी म्हणायची, दुसऱ्या दिवशी ती काढून टाकायची आणि नवी करायची. चांद, सूरज, पंखा, असं करत करत शेवटी किलाकोट, म्हणजे मोठा किल्ला. त्याच्यात जाडी जसोदा नावाची एक लठ्ठ बाई असते आणि पतली पेमा नावाची एक काडीसारखी. आमच्या मराठी घरांत भुलाबाई, पण गल्लीतल्या मैत्रिणींबरोबर संजा मीही केली आहे.

"तर संजाच बनवू," सर म्हणाले. "गोबरशिवाय."

त्यांनी भला मोठा आलेखकागद फरशीवर पसरला. मुलींनी त्यावर किलाकोट काढला. सरांनी तो वाटून दिला. दरवाजा हिचा, चांद तिचा, जसोदा रेखाची. प्रत्येकीला ओळींचे स्वतःचे नंबर, मध्ये मोकळी जागा सोडून. मुली आपापल्या रेघांच्या दोन टोकांचे आकडे कागदावरून मोजत आणि मशिनात घालत. मी आज्ञा शिकवत होते. सर इंग्रजी अक्षरं न वाचता फक्त नंबर तपासत होते. रेघ भलतीकडे गेली की मुली घाबरून माझ्याकडे बघत, आणि मागून सरांचा आवाज येई, "मिटाना नहीं. बाजू में सही डालो."

एक अडचण होती. फ्लॉपी नसल्यामुळे मशीन बंद केलं की सगळं पुसलं जाई. पहिल्या दिवशी शाळा सुटली तेव्हा माझंच मन मोडलं. दिवसभराचं काम एका बटणाबरोबर गेलं. मुलींना मात्र काहीच वाटलं नाही. "संजा भी तो रोज़ निकालते हैं, मैडम," रेखा म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि पुन्हा घालू लागल्या. तिसऱ्या दिवशी कागदाकडे बघणं कमी झालं. पुढे पुढे तर प्रार्थनेच्या रांगेत दोघी-तिघी ओठांतल्या ओठांत आकडे म्हणताना दिसू लागल्या. प्रिन्सिपल मॅडम एकदा आत डोकावल्या आणि एकीच्या नखांतलं गोबर बघून किंचाळल्या. सरांनी त्या मुलीला नळावर पाठवलं आणि परत आल्यावर तिच्या जागेवर बसवलं.

साहेब आले ते अमावास्येच्या आदल्या दिवशी. हार, नारळ, चहा झाला. खोलीत शिरताच त्यांचं लक्ष नेमकं फ्लॉप्यांच्या डब्याकडे गेलं. एक उचलून त्यांनी उजेडात धरली.

"यह किसने किया?"

प्रिन्सिपल मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत सर पुढे आले. "मैंने, साब."

"आपको पता है, क्या किया है आपने?"

"पहले नहीं पता था, साब. अब है." ब्रश त्या दिवशीही कानामागे होता. एवढा मोठा माणूस, पण चुकलेल्या मुलासारखा उभा होता, आणि तरी मान वरच होती. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला, की दोन महिन्यांपूर्वी बोललेलं सगळं परत घ्यावंसं वाटलं.

"तो दिखाने को क्या है?" साहेबांनी विचारलं. मी पडद्याकडे बोट केलं. किलाकोट पूर्ण होता. बुरूज, दरवाजा, चांद, सूरज. साहेब खुर्ची ओढून बसायला गेले, आणि लाइट गेली.

पडदा काळा. एसीची घरघर थांबली. लाइट आली तोवर साहेबांनी घड्याळ दोनदा बघून घेतलं होतं. पडद्यावर तीच एकटी खूण उघडझाप करत होती.

"सेव नहीं किया था?"

"किस पर करतीं?" मी म्हटलं. साहेब उठले. प्रिन्सिपल मॅडम घाईघाईने त्यांच्यासाठी दार उघडायला गेल्या.

"साब," सर म्हणाले, "बैठिए. लड़कियों के पास है."

रेखा कोणाला न विचारता मशीनसमोर बसली. कागद नाही, काही नाही. तिने तिच्या ओळी घातल्या आणि उठली. दुसरी बसली. मग तिसरी. ज्या मुलीला जिथून जागा मिळे तिथून ती घुसत होती, सगळ्यांचे ओठ हलत होते. साहेब मागे उभे राहून वाचत होते. थोड्या वेळाने त्यांनी हटकलं, "यह तो उल्टा-पुल्टा डाल रही हैं. आख़िर का पहले."

"नंबर है, साब," सर म्हणाले. "अपनी जगह पर चला जाएगा."

शेवटच्या मुलीने शेवटची ओळ घातली आणि चालव म्हणून आज्ञा दिली. आधी तट उभा राहिला. मग दरवाजा, बुरूज, चांद, सूरज. पतली पेमा. मग जाडी जसोदा आली, आणि तिचा एक हात सरळ आभाळात गेला. रेखाने कपाळावर हात मारून घेतला. घाईत एक आकडा चुकला होता. ती परत बसली, मोकळ्या सोडलेल्या नंबरांतला एक घेतला, एक ओळ घातली आणि पुन्हा चालवलं. आता जसोदेला तिसरा हातही होता, बरोबर जागी.

"ग़लत वाला हटाया नहीं?" साहेबांनी विचारलं.

"हमारे यहाँ मिटाते नहीं, सर," रेखा म्हणाली.

साहेब हसले. आधी थोडे, मग चांगले पोट धरून. मग त्यांनी रेखाला विचारलं, ही ओळ मध्ये कशी गेली, तो आकडा कुठून आला, आणि ती सांगत राहिली, आणि ते तिच्या शेजारी बाकावर बसून ऐकत राहिले. जाताना प्रिन्सिपल मॅडमना म्हणाले, "मशीनें यहीं रहेंगी. और इस कमरे में ताला मत लगाइए." दारातून वळून सरांना म्हणाले, "फ्लॉपी आएगी. उस पर नंबर मत डालिएगा."

"पाकीट पर डालूँगा, साब," सर म्हणाले.

संध्याकाळी आम्ही दोघंच खोलीत राहिलो. सर मशीनच्या पाठीवरचा आपला नंबर बोटाने चाचपत होते. "मॅडम," ते म्हणाले, "नंबर टाकून तर मी ह्यांना घालवूनच बसलो होतो. पोरींनी ठेवून घेतलं." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्याकडे पेरू मागितला.

पुढच्या वर्षी ते रिटायर झाले. निरोपाला भाषणं झाली, शाल झाली. सर उठणार तेवढ्यात मुली पुढे आल्या. रेखाच्या हातात त्यांचाच डबा आणि त्यांचाच ब्रश होता.

"सर, कोट उतारिए."

"क्यों?"

"जिस पर नंबर नहीं, वो कल दूसरे का हो जाता है."

सरांनी जन्मात पहिल्यांदा कोणाचं मुकाट्याने ऐकलं. कोट काढून दिला. मुलींनी तो उलटा केला आणि कॉलरच्या आत, जिथून नंबर निघणार नाही अशा जागी, शाळेचं नाव घातलं. खाली त्यांनी बाकांमधला एक मोकळा सोडलेला नंबर घेतला होता, इतकी वर्षं कोणालाच न दिलेला. रेखा एकेक आकडा काढत होती. शेवटचा सात वाकडा आला. तिने ओढणीने तो पुसायला घेतला तशी सर खुर्चीतून ओरडले, "मिटाना नहीं!"

तिने त्याच्या बाजूला दुसरा सात काढला, सरळ.

त्यानंतर मी सरांना अधूनमधून बडा गणपतीच्या बाजूला भाजी घेताना बघत असे. उन्हाळा असो की थंडी, अंगावर तोच कोट. मला बघितलं की नमस्कार करायच्या आधी ते कॉलर उलटी करून दाखवत आणि विचारत, "आहे ना, मॅडम?"

"आहे, सर," मी म्हणत असे.